बलुतेदारीला 'श्रेणी' म्हणण्याआधी जुन्नरचे शिलालेख वाचा

गेल्या वर्षी इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेला गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण असा प्रकार आता गावोगाव होतो. यात्रेत 'बारा बलुतेदार सन्मान सोहळा' ठेवला होता. मंडप, स्पीकर, हारतुरे. सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी, गुरव अशा एकेका घरातल्या वडीलधाऱ्याला बोलावून फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. पाहुणे वक्ते म्हणाले, युरोपात ज्याला गिल्ड म्हणतात ती व्यवस्था आपल्याकडे हजारो वर्षे होती, तिचेच नाव बलुतेदारी. जात म्हणजे मुळात धंद्याची संघटना. प्रत्येकाला काम, प्रत्येकाला मान. इंग्रज आले आणि ही सुंदर घडी मोडली.

टाळ्या पडल्या. सगळ्यात शेवटी आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्यांचे नाव पुकारले, 'येसकर' म्हणून. हे गृहस्थ बत्तीस वर्षे प्राथमिक शिक्षक होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्म्यांना त्यांनी बाराखडी शिकवली आहे. बाकीच्यांना फेटा बांधला, यांच्या मात्र हातात दिला. वेळ संपली होती म्हणे.

मित्रांनो, फेट्याचे दुःख फार मोठे नाही. पण व्यासपीठावरून जे सांगितले गेले ते आता पुस्तकांत, व्हॉट्सअॅपवर, सरकारी योजनांच्या जाहिरातींत सगळीकडे सांगितले जाते, आणि आपली शिकलेली पोरेसुद्धा ते ऐकून 'तसे असेलही' म्हणू लागली आहेत. म्हणून हा प्रश्न नीट सोडवला पाहिजे. आपल्या प्रदेशात कारागिरांच्या संघटना होत्या काय? होत्या. पण बलुतेदारी ही ती संघटना नव्हे. त्या संघटना गेल्या आणि त्यांच्या जागी बलुतेदारी उरली, हा खरा इतिहास आहे आणि त्याचा पुरावा याच पुणे जिल्ह्यात दगडावर कोरलेला आहे.

इंदापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, जुन्नर वायव्य टोकाला. जुन्नरच्या डोंगरांत पावणेदोनशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. लोक लेण्याद्रीला गणपतीसाठी जातात, पायऱ्या चढून दर्शन घेतात आणि परततात. ज्या भिंतींना टेकून आपण धाप टाकतो त्या डोंगरांतल्या लेण्यांवर ब्राह्मी अक्षरांत कोणाची नावे आहेत हे बघत नाहीत. एका लेखात धंञिक म्हणजे धान्याच्या व्यापाऱ्यांच्या 'सेनी'ने, श्रेणीने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान केल्याची नोंद आहे. आणखी एका लेखात 'वसकार' आणि 'कासाकार' यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीचा उल्लेख आहे. कासाकार म्हणजे कांशाची भांडी करणारे, आजच्या भाषेत कासार. वसकार म्हणजे बांबूचे काम करणारे.

बांबूचे काम करणारे म्हणजे कोण? आज आपण त्यांना बुरूड म्हणतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत 'बसोर, बुरूड, बांसोर, बांसोडी, बसोड' ही नोंद आहे. सूप, टोपली, कणगी करणारा माणूस. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याच्या संघटनेकडे लोक पैसे ठेवत होते. त्या पैशाचे व्याज भिक्खुसंघाला जात होते. म्हणजे टोपल्या विणणाऱ्यांची संघटना एका अर्थी बँक होती, आणि तिच्यावर दात्याचा विश्वास होता की मी मेलो तरी माझी ठेव बुडणार नाही.

नाशिकच्या दहाव्या लेण्यातला लेख याहून तपशीलवार आहे. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने बेचाळिसाव्या वर्षी तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून दिले. दोन हजार एका विणकर श्रेणीकडे, महिना शेकडा एक या दराने. एक हजार दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे व्याज महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेखात लिहिले आहे की वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी बारा कार्षापण द्यायचे. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस. हिशेब पैशाला पैसा जुळतो. हा सगळा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असेही त्यात आहे. त्याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी कुंभारांच्या, तेल गाळणाऱ्यांच्या आणि पाण्याची यंत्रे करणाऱ्या कारागिरांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले.

कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव दरवाजाच्या कामावर आहे. त्याच धेनुकाकटचा सिंहदत्त हा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, त्याचेही नाव आहे. दूर आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या चर्मकाराने आई, बायको, भाऊ, मुले अशा सगळ्या कुटुंबासह पूर्णघट कोरलेली शिळा दिली. 'चर्मकार' हा शब्द त्याने लपवला नाही. स्वतःच्या नावामागे तो स्वतःच कोरून घेतला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आपणही त्या वक्त्यांसारखेच होऊ. तो काळ समतेचा स्वर्ग नव्हता. पाली ग्रंथांतच चांडाळ, निषाद, वेण, रथकार, पुक्कुस यांना लोक हीन कुळे मानतात असे उल्लेख आहेत, आणि वेण म्हणजे बांबूचे काम करणारेच. टोपल्या विणणे, मडकी करणे, कातडे कमावणे, हजामत करणे ही हीन शिल्पे समजली जातात, असेही तिथे म्हटले आहे. म्हणजे तुच्छता समाजात होती. फरक असा की तुच्छता असतानाही त्या माणसांना स्वतःची संघटना होती, तिच्याकडे पैसा होता, तिची नोंद नगराच्या सभेत होत होती आणि तिच्या व्याजावर चीवर घेताना संघाला विटाळ वाटत नव्हता. उपाली न्हाव्याची कथा आपल्याला माहीत आहे. शाक्य राजपुत्र आणि त्यांचा न्हावी एकदम प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा न्हाव्याला आधी दीक्षा दिली गेली, म्हणजे राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागले. कोणी कोणाला आधी वाकायचे हा प्रश्न किरकोळ नाही. पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता दोन्ही टोकांमधला काळ ओलांडून भीमा-नीरेच्या काठी येऊ. अठराव्या शतकातली बारामती म्हटले की शाळेच्या पुस्तकाला एकच माणूस आठवतो, बाबूराव नाईकांच्या आश्रयाला राहिलेले मोरोपंत. पंतांच्या आर्यांवर प्रबंध झाले. ज्या कुंभाराच्या घागरीतले पाणी पिऊन आर्या रचल्या, त्याच्यावर कोण प्रबंध लिहिणार? असो.

या काळात 'श्रेणी' हा शब्द कागदांतून गेलेला आहे. पेठेत शेटे-महाजन आहेत. बाजार भरला की दुकानदुकानातून त्यांचा हक्क निघतो, तेल्याकडून तेल, तांबोळ्याकडून पाने, वाण्याकडून सुपारी. पण हे शेटे-महाजन सगळ्या धंदेवाल्यांनी निवडलेले पुढारी नाहीत, ते वतनदार आहेत. वतन बापाकडून मुलाकडे जाते, विकता येते, त्यावरून पिढ्यान् पिढ्या तंटे चालतात. आणि खेड्यात आहेत बलुतेदार.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'बलुतेदार' शब्दाखाली तीन ओळी दिल्या आहेत. पहिल्या ओळीत सुतार, लोहार, महार, मांग. दुसरीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. तिसरीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. गावोगाव यात फरक असे, पण हा क्रम जरा थांबून पाहा. धान्याच्या वाट्यात महार आणि मांग पहिल्या ओळीत, भट तिसऱ्या ओळीत! म्हणजे शेतकऱ्याला ज्याचे काम जास्त लागते त्याचा वाटा मोठा, हा साधा हिशेब खळ्यावर मान्य होता. मग खळ्यावर पहिल्या ओळीत असलेला माणूस गावात शिरताना शेवटच्या ओळीत कसा गेला? त्या वक्त्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. धंद्याच्या संघटनेत माणसाची किंमत त्याच्या कामावरून ठरते. इथे कामाची किंमत एका मापाने आणि माणसाची किंमत दुसऱ्याच मापाने ठरत होती. ते दुसरे माप धंद्याचे नव्हते, धर्माचे होते.

आता मानपानाकडे येऊ, कारण बलुतेदारीचे गोडवे गाणारे सगळ्यात जास्त बोलतात ते 'प्रत्येकाला मान' यावरच. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गाव-गाडा' लिहिले. ते महसूल खात्यातले, त्यामुळे त्यांना हे सगळे जवळून दिसले होते. ते काही आपल्या बाजूचे लेखक नाहीत, बलुतेदारांवर त्यांनी ठिकठिकाणी ताशेरे ओढले आहेत. पण कोणाचा कशावर हक्क, कोणाला कधी काय द्यायचे, याची त्यांच्याइतकी बारीक माहिती क्वचितच कोणी दिली असेल.

आमच्या भागातल्या जुन्या लग्नाचेच बघा. मांडवातली बोळकी कुंभाराची. चौरंग-पाट सुताराचे. नवरदेवाच्या पायात नव्या वहाणा चांभाराच्या. परीट पायघड्या घालणार, न्हावी नवरदेवाची हजामत करून आरसा धरणार, गुरव पत्रावळी आणि बेल देणार. मांग किंवा होलार वाजंत्री वाजवणार. महार सरपण फोडणार, गावोगाव सांगावा घेऊन जाणार, आलेल्या पाहुण्यांची जनावरे बघणार. ज्याला त्याला नारळ, खण, शिधा, ओवाळणी. वरून पाहिले तर खरोखर एकही माणूस वगळलेला नाही. एकाने जरी अंग काढले तर लग्न अडेल!

पण पाय कुठे आहेत ते बघा. कुंभार अंगणात येतो. परीट पायघडी घालतो, तिच्यावर चालत नाही. वाजंत्री मांडवाच्या कडेला. महार मांडवाच्या बाहेर, त्याचे जेवण सगळ्यांचे झाल्यावर, आणि तेही पदरात किंवा पाटीत, ताटात नाही. प्रत्येकाला मान होता हे खरे. त्या प्रत्येक मानाला एक अंतर बांधलेले होते, आणि ते अंतर शिकवण्याचे काम मानच करत होता. दहा वर्षांच्या पोराला कोणी मनुस्मृती वाचून दाखवत नव्हते. आपला बाप नारळ घ्यायला कुठे उभा राहतो, हे त्याने एका लग्नात पाहिले की झाले.

आमचा आजा येसकराच्या पाळीला जायचा. हातात घुंगुरकाठी. संध्याकाळी घरोघर भाकरी मागायची, ती 'हक्काची' भाकरी. आजा सांगायचा की काठीचा आवाज आला की बायका आधी दारातली पाण्याची भांडी आत घ्यायच्या, मग भाकरी वरून टाकायच्या. हक्क होता. बिदरच्या बादशहाने बावन्न हक्क दिले अशी कथा आपल्या लोकांत पिढ्यान् पिढ्या सांगितली जात होती, अभिमानाने. मेलेल्या ढोराचे कातडे हाही त्यात हक्कच. आजा हे सांगताना कधी हसायचा, कधी मध्येच गप्प व्हायचा.

आणि हे मान जातीजातींना एकमेकांच्या अंगावर घालत होते. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, दसऱ्याच्या रेड्यावर कोणाचा हक्क, यावरून भांडणे. महार आणि मांग यांच्यातले असले तंटे पेशवाईच्या कागदपत्रांत आहेत. ज्या दोघांनी एकत्र उभे राहायला हवे होते, ते रेड्याच्या मुंडक्यावरून सरकारात फिर्याद घेऊन जात होते. ही श्रेणी म्हणायची काय?

कोणी म्हणेल, गावकीचे सोडा, प्रत्येक जातीची स्वतःची जी पंचायत होती ती तर श्रेणीच ना? हा आक्षेप जास्त वजनदार आहे. दहा-वीस गावचे कुंभार एकत्र बसत, दंड करत, वाळीत टाकत, जातभात घेऊन परत घेत. कधी कधी अशी जात-संघटना कामाच्या बाबतीतही एकजूट दाखवी. १८९० साली मुंबईत सत्यशोधक चळवळीचे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करायला नकार दिला, ते या एकजुटीचे फार सुंदर उदाहरण आहे. पण जात पंचायतीपुढे येणारी बहुतेक प्रकरणे कसली होती? मडके कच्चे भाजले म्हणून नव्हे. कोणी कोणाशी लग्न केले, कोण कोणाकडे जेवला, कोणाची बाई कोणाबरोबर गेली. पंचायत मडक्यावर नव्हे, मुलीवर पहारा ठेवत होती.

याचा पक्का पुरावा कुंभारांतच आहे. जुन्या गॅझेटियरमध्ये कुंभारांच्या पोटजातींची नावे आहेत, थोरचाके आणि लहानचाके. एकाचे चाक मोठे, दुसऱ्याचे लहान. तेल्यांत विदर्भाकडे एकबैले आणि दोनबैले, म्हणजे घाण्याला एक बैल जुंपणारे आणि दोन जुंपणारे. माती तीच, मडके तेच, तेल तेच. आणि बेटीव्यवहार बंद! धंद्याची संघटना असती तर तिने सगळे कुंभार एका छपराखाली आणले असते. जातीने चाकाच्या मापावरून त्यांचे तुकडे केले.

बाबासाहेबांनी नेमके हेच ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठातल्या गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात मांडले होते. धंद्यावरून वर्ग पडणे ही काही भारताची खासियत नाही, ते जगभर असते. जात जन्माला येते ती वर्गाने स्वतःला कोंडून घेतले, बाहेर लग्न करणे बंद केले तेव्हा. पुढे १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्यांनी सांगितले की जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. हे वाक्य आपण भाषणात इतक्या वेळा म्हणतो की त्याची धार बोथट झाली आहे. थोरचाके-लहानचाके डोळ्यांपुढे ठेवून ते पुन्हा वाचा.

युरोपातल्या गिल्डलाही डोक्यावर घेण्याचे कारण नाही. तिथेही उस्तादाच्या पोराला झुकते माप होते, ज्यूंना प्रवेश नव्हता, बायकांना बहुतेक दारे बंद होती. पण परक्या घरातला पोरगा उमेदवार म्हणून राहू शकत होता, काम शिकून कारागीर होऊ शकत होता. गिल्डचे सभासद वर्षातून एकदा आपल्या संताच्या नावाने एका पंगतीत जेवत, मेलेल्या सभासदाला खांदा देत, त्याच्या विधवेला मदत करत. त्यांचा समारंभ त्यांचा स्वतःचा होता. आपल्या बलुतेदाराचा समारंभ नेहमी दुसऱ्याच्या मांडवात. आणि १७९१ साली फ्रेंच क्रांतीने गिल्ड कायद्याने मोडून टाकले, म्हणजे ती व्यवस्था एका कायद्याने मोडण्यासारखी होती. आपल्याकडे बलुते संपले, जात राहिली, कारण ती धंद्यावर उभीच नव्हती.

एखाद्या कारागीर जातीने आपला समारंभ, आपला रिवाज स्वतः ठरवायचे मनावर घेतले तर काय होत होते, तेही इतिहासात आहे. सोनार हा काही अस्पृश्य नव्हे, पैशाने तर मुळीच दुबळा नव्हे. पेशवाईत सोनारांनी स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवून घेतले, धोतराला ब्राह्मणासारखा काच्या मारायला आणि 'नमस्कार' म्हणायला सुरुवात केली. पुण्याच्या सत्तेला ते सहन झाले नाही. त्यांनी आपल्या हद्दीत बंदी घातलीच, पण मुंबई इंग्रजांच्या ताब्यात, तिथले सोनार कसे आवरायचे? तर ईस्ट इंडिया कंपनीच्या कौन्सिलकडून १७७९ साली हुकूम काढवला की सोनारांनी 'नमस्कार' हा शब्द वापरू नये. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त हा दाखला दिला आहे. इंग्रजांनी सुंदर घडी मोडली म्हणणाऱ्यांनी हा हुकूम जरूर वाचावा. इथे तर इंग्रज घडी बसवून देत होते!

इंदापूरचा इंग्रजांशी आणखी एक जुना संबंध आहे. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्या पद्धतीची जमीन पाहणी आणि तीस वर्षांच्या मुदतीची आकारणी इंदापूर तालुक्यापासून सुरू केली. पुढे तीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. शेताचा तुकडान् तुकडा मोजला, प्रत लावली, सारा ठरवला. पण महारकी तशीच ठेवली, कारण सरकारलाही फुकटातला नोकर हवाच होता. पूर्वी पाटलाची वर्दी होती, आता मामलेदाराची आणि तलाठ्याचीही. म्हणून १९२८ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्यांचे म्हणणे असे की महाराच्या कामाला वेळेची मर्यादा नाही, एक माणूस नसेल तर घरातला दुसरा धरून नेतात, आणि मोबदला इतका तुटपुंजा आणि दुसऱ्याच्या मर्जीवर की माणूस कायमचा मिंधा राहतो. विधेयक पार पडले नाही. कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले, अंमल १९५९ मध्ये.

दरम्यान आपल्या लोकांनी कायद्याची वाट पाहिली नाही. १९२७ च्या महाड परिषदेनंतर गावोगाव मेलेली ढोरे ओढणे बंद झाले. मग गावाने काय केले? वाण्याने मीठ-मिरची बंद केली, न्हाव्याने हात लावला नाही, शेतात मजुरी बंद, पायवाट बंद. १९२८ साली सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब होते. १९३० च्या तिच्या अहवालात या सामाजिक बहिष्काराची सविस्तर दखल आहे. जी व्यवस्था 'एकाशिवाय दुसऱ्याचे अडते' म्हणून मिरवली जाते, तिचे खरे रूप या बहिष्कारात दिसते. एकाने मान उंच केली की बाकीचे अकरा त्याच्यावर सोडले जात. श्रेणीतून माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याची फार तर ठेव अडकते. बलुतेदारीतून बाहेर पडताना पाणी अडकत होते.

आणि ही सावली गावात राहिली असे नाही, ती मुंबईला गिरणीत पोचली. साच्याच्या खात्यात, म्हणजे विणकामात, पगार बरा. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग अस्पृश्याच्या तोंडाचा धागा सवर्ण कामगार कसा ओढणार? म्हणून आपल्या लोकांना विणखाते बंद. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला होता. नाशिकच्या लेण्यातले विणकर आठवा. त्यांच्या व्याजावर भिक्खूंची चीवरे येत होती. दोन हजार वर्षांच्या प्रगतीनंतर आपण कुठे पोचलो, तर उष्ट्या धाग्यापाशी.

आता आजचे. १७ सप्टेंबर २०२३ ला, विश्वकर्मा जयंतीचा मुहूर्त साधून, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसाय. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत विनातारण कर्ज. आमच्या भागातल्या गरजू सुताराने, चांभाराने हे कर्ज जरूर घ्यावे, सावकारापेक्षा ते बरे. माझा आक्षेप पैशाला नाही. आक्षेप त्या चौकटीला आहे, जिच्यात कारागीर म्हणजे घरात पिढीजात धंदा चालत आलेला माणूस असे गृहीत धरले जाते. तामिळनाडू सरकारने २०२४ साली नेमका हाच मुद्दा काढून योजना आहे त्या रूपात राबवायला नकार दिला. १९५३ मध्ये राजाजींनी शाळेचा अर्धा वेळ बापाचा धंदा शिकण्यासाठी द्यायची योजना आणली होती, तेव्हा तिथल्या जनतेने 'कुलकल्वी' म्हणून ती हाणून पाडली. त्यांची आठवण शाबूत आहे. आपल्याकडे बापाच्या धंद्याचा फेटा बांधून घेण्यासाठी रांगा लागतात.

बारामती-इंदापूरकडे बलुते संपवले कोणी? कुठल्या समाजसुधारकाने नव्हे. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला, ऊस आला, पुढे साखर कारखाने आले, मोटेची जागा इंजिनाने घेतली, मडक्याची जागा आधी पितळेने आणि मग प्लॅस्टिकने. धान्याऐवजी रोख आले. कुंभाराचे पोर विटा पाडायला गेले, चांभाराचे पोर पुण्याला, आपली पोरे शाळेत, रेल्वेत, एसटीत, सैन्यात. धंदा म्हणून बलुतेदारीत आज काही उरलेले नाही. उरला आहे तो फक्त क्रम, म्हणजे पालखीला आधी हात कोणाचा आणि शेवटी नाव कोणाचे. ज्या गोष्टीला पोट नाही ती अजून जिवंत आहे, यावरूनच ती पोटासाठी नव्हती हे कळते.

सोनाराला 'नमस्कार' म्हणू दिला नाही, हे वर सांगितलेच. महाराला तर 'जोहार' म्हणावेच लागत होते, वाकून, मायबाप म्हणून. आमच्या आजाने शेवटचा जोहार कधी घातला हे त्याला नक्की आठवत नव्हते. पण पहिला 'जय भीम' आठवत होता. पुण्याहून आलेल्या मेव्हण्याने एसटीतून उतरताच मोठ्याने म्हटला आणि आजाला उत्तर काय द्यायचे ते कळेना, म्हणून त्यानेही तेच म्हटले. मग दोघे हसले. वरचा-खालचा न ठरवता म्हणता येईल असा तो त्याच्या आयुष्यातला पहिला रामराम.

यंदाच्या यात्रेची बैठक फेब्रुवारीत झाली. पुन्हा 'बलुतेदार सन्मान' ठरला. आमच्या पोरांनी कमिटीला एक कागद लिहून दिला. त्यात दोनच मागण्या आहेत. मानाचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, म्हणजे पाटलाच्या आधी कधी मांगाचे नाव निघेल, कधी परटाचे. आणि सत्कार करायचा तर माणूस जे काम करतो किंवा करत होता त्याच्या नावाने करावा, म्हणजे गुरुजींना येसकर नव्हे, गुरुजी म्हणून बोलवावे. सोबत जुन्नरच्या वसकार श्रेणीच्या लेखाचा फोटो जोडला आहे. कमिटीतल्या एका बुजुर्गांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "हे आपल्याच जिल्ह्यातले का?" कागदावर निर्णय अजून झालेला नाही. गुरुजींनी मात्र सांगून ठेवले आहे की फेटा हातात देणार असतील तर घरीच पोचता करा, मी येणार नाही.